चालू सर्टिफिकेट

‘चालू’ या शब्दाला आपल्याकडं दोन अर्थ आहेत, आणि शिंत्रेसाहेबांना त्यातला एकच माहीत होता. मुदत संपलेली नाही ते चालू. फोनवर ओळख करून देताना ते म्हणायचे, “मी शिंत्रे बोलतोय, नेसरीचा. वेल्डिंग इन्स्पेक्टर. चालू हाय.” पलीकडचा माणूस हसला की त्यांना वाटायचं, ओळख पटली म्हणून हसला. आमच्या कारखान्यातले वेल्डर आधी पाठीमागं आणि मग तोंडावरच “साहेब लई चालू माणूस हाईत” म्हणायला लागले, तेव्हा साहेब मान डोलवून म्हणायचे, “अजून दोन वर्सं तरी काळजी न्हाय.”

स्वतःची टिंगल ज्याला कळत नाही अशा माणसाबद्दल लोकांना माया वाटते. मला वाटली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून तिची वाट बघत बसायला नको.

मी शिरोलीला भूपालअण्णांच्या कारखान्यात क्वालिटीचे कागद सांभाळते. अण्णा शिरोळकडचे जैन, घरात बोलणं निम्मं कानडी, त्यामुळं कारखान्यातली प्रत्येक बाई त्यांची अक्का. कारखान्यात उसाच्या ट्रॉल्या व्हायच्या. ट्रॉलीचं गिऱ्हाईक वेल्डिंगचा जोड बघत नाही. ते ट्रॉलीत चढून दोन उड्या मारतं आणि रंग कुठला देणार ते विचारतं. पण ट्रॉलीचं काम हंगामापुरतं. साखर कारखान्यांची धुराडी थांबली की आमची शेड ओस पडायची आणि निम्मे वेल्डर घरी बसायचे. त्यांना घरी बसा म्हणून सांगायची वेळ आली की अण्णा दोन दिवस धड जेवायचे नाहीत. त्यामुळं लष्कराला पाण्याच्या टाकीचे ट्रेलर बनवून द्यायचं काम मिळण्यासारखं आहे असं कळलं, तेव्हा अण्णांनी देवापुढं उभं राहून बोलावं तसं शेडमध्ये उभं राहून सांगितलं, “ह्ये काम लागलं तर बारा म्हैने एकाला बी घरात बसू देत न्हाय.”

अट अशी होती, की नमुन्याचा एक ट्रेलर आधी लष्कराकडून पास करून घ्यायचा. आणि त्याचे जोड तपासून सही करणारा आमचा इन्स्पेक्टर लष्कराला मान्य असलेल्या सर्टिफिकेटचा पाहिजे. आता मान्य असलेलं म्हणजे कुठलं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ते एकट्या शिंत्रेसाहेबांना ठाऊक होतं, आणि जगात त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

ते पहिल्या दिवशी आले ते अजून डोळ्यांपुढं आहे. अंगात हिरवट सफारी, मानेवरचे केस वस्तऱ्यानं उडवलेले, बुटांना पॉलिश. अण्णांच्या केबिनच्या दारात टाच आपटून “आत येऊ काय सर?” अण्णांना आयुष्यात कुणी टाच आपटून दाखवली नव्हती. ते गडबडून उभेच राहिले. साहेबांनी बॅगेतून लग्नाच्या अल्बमएवढी फाईल काढली आणि एकेक सर्टिफिकेट टेबलावर मांडलं. सगळी लॅमिनेशन केलेली. वरचा पंखा सगळ्यांत दिसत होता.

“ह्यात मिलिटरीला चालणारं कुठलं?” अण्णांनी विचारलं.

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. या प्रश्नासाठीच त्यांचा जन्म होता.

“आसं बघा अण्णा. सर्टिफिकेट म्हंजे सोयरीक. समद्यांचं समद्यात जमत न्हाय. पुलाच्या कामाला देशी चालतंय. बॉयलरला देशी चालत न्हाय, त्येंचं त्येंच्यातलंच लागतंय. तेलाच्या पायपाला विलायती. आनि मिलिटरी म्हणशिला तर त्यात बी भावकी हाय. आरमाराचं येगळं, पायदळाचं येगळं. त्येंच्या यादीत नाव आसल त्याच संस्थेचं लागतंय, आनि वर चालू लागतंय. मुदत संपली की कितीबी मोठं आसूंद्या, आटलेली म्हस.” मग एक सर्टिफिकेट उचलून त्यांनी अण्णांच्या हातात दिलं. “ह्ये घ्या. यादीतलं हाय. कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्याकडं आसलं तर मिशी काढीन.”

त्यांना मिशी नव्हती. पण सर्टिफिकेट खरं होतं. मी दोन ठिकाणी फोन करून खात्री केली. संस्था यादीतली, नंबर खरा, मुदत शिल्लक. अण्णांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “अक्का, कसा वाटतोय माणूस?” मी म्हटलं, “कागद चांगला आहे.” अण्णांनी ते माणूस चांगला आहे असं ऐकलं.

आल्यापासून साहेबांनी कारखान्याची छावणी करून टाकली. जेवणाच्या सुट्टीला ते मेस म्हणायचे. वेल्डरना ‘जवान’. सकाळी आले की शेडच्या तोंडाशी हात मागं बांधून उभे राहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडून नमस्कार गोळा करायचे. आमचा सगळ्यांत जुना वेल्डर मुश्ताक एकदा मला म्हणाला, “ताई, ह्ये साहेब कुठल्या लढाईवर गेलते ओ?” मी म्हटलं, विचारा की त्यांनाच. मुश्ताकनं खरंच विचारलं. साहेब म्हणाले, “लढाई एकच आसती काय, मुश्ताक?” आणि पुढं गेले. याला उत्तर म्हणायचं का, यावर पोरांची दुपार गेली.

तपासणीची त्यांची पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. इन्स्पेक्टर जोडाजवळ जातो, वाकतो, टॉर्च मारतो. शिंत्रेसाहेब जोडापासून हातभर लांब उभे राहायचे, मान मागं टाकायचे, अंगठा जोडावरून पापड लाटल्यासारखा फिरवायचे आणि विचारायचे, “कुनी मारलाय?” मुश्ताकनं मारला असेल तर “पास”. नव्या पोरानं मारला असेल तर “परत मार”. नाव ऐकल्याशिवाय त्यांनी एकही निकाल दिलेला मला आठवत नाही. शिवाय रोज एक तरी जोड नापास करायचाच, हा त्यांचा नेम. “न्हायतर कारागीर डोस्क्यावर बसत्यात, मॅडम.”

एकदा त्यांनी मुश्ताकच्या जोडावर खडूनं गोल काढला. भेग आहे म्हणाले. पोरांनी कान टवकारले, कारण मुश्ताकच्या जोडावर खडू उठलेला कुणी पाहिला नव्हता. मी जाऊन बघितलं, तर हात पुसायच्या कापसाचा एक धागा जोडाला चिकटला होता. मी तो नखानं उचलला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला.

“आता काढलासा म्हून गेली,” साहेब शांतपणे म्हणाले. “मगाशी भेगच हुती.”

मी तो गोल पुसला आणि खोलीत येऊन पाणी प्याले.

आमच्याशिवाय गोकुळ शिरगावच्या दोन-तीन कारखान्यांनाही त्यांनी आपलं नाव लावलेलं होतं, आणि तिकडची तपासणी ते आमच्या कँटीनमध्ये बसून करायचे. तिकडून फोनवर जोडाचा फोटो यायचा, साहेब फोन हातभर लांब धरायचे, “पास” म्हणून पाठवायचे आणि चहाचा घोट घ्यायचे. एक दिवस असाच फोटो आला. साहेबांनी मान मागं टाकून पाहिला आणि फोन लावून सांगितलं, “लई भारी. एकसारखी वळन पडल्यात. पास.” पलीकडून हसण्याचा असा काही गडगडाट झाला की कँटीनवाला आतून बाहेर आला. तिकडच्या माणसाच्या हातून चुकून त्याच्या मुलीच्या शाळेतल्या गॅदरिंगचा फोटो आला होता, पाठमोरी, पाठीवर तेल लावून घातलेली वेणी.

साहेब म्हणाले, “वेनी आसली तरी येवस्थित हाय की.”

पोरं आठवडाभर एकमेकांच्या डोक्यांना पास-नापास करत होती. मीही हसले. तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. माणूस आळशी आहे, तोंडाळ आहे, सर्टिफिकेटाच्या जिवावर फुकटचा चहा पितो आहे, एवढंच मी म्हणायची. आंधळं दळतंय अशी म्हण आपण सहज वापरतो, पण ती कुणाला शब्दशः लागू असेल असं मनात येत नाही.

नमुन्याचा ट्रेलर तयार झाला. अण्णांनी स्वतः उभं राहून त्याला तो लष्करी हिरवा रंग द्यायला सुरुवात करून घेतली, पण जोडांची जागा तेवढी बिनरंगी ठेवली, कारण ती तपासायची होती. शिंत्रेसाहेबांनी सगळे जोड तपासून फाईलवर शिक्का मारला. शिक्का मात्र ते जोरात मारायचे.

लष्कराकडून तपासनीस आले ते दक्षिणेकडचे, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे एक किडकिडीत गृहस्थ. साधा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला जाड चष्मा. त्यांना बघून शिंत्रेसाहेबांची जरा निराशा झाल्याचं मला दिसलं. त्यांनी तरी खणखणीत सलाम ठोकला. त्या गृहस्थांनी आधी सर्टिफिकेट मागितलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आपल्याकडच्या यादीशी ताडलं आणि म्हणाले, “ठीक है. ये चलेगा.” शिंत्रेसाहेबांनी छाती काढून अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी डोळे मिटून हात जोडले.

मग त्या गृहस्थांनी चष्मा नाकावर चढवला, टॉर्च घेतला आणि ट्रेलरखाली शिरले. आम्हाला नुसते त्यांचे बूट दिसत होते. बऱ्याच वेळानं पुढच्या बाजूला बाहेर आले आणि ज्या कडीनं ट्रेलर गाडीला अडकवतात, त्या कडीच्या बुडाशी उकिडवे बसले. सगळ्या ट्रेलरचा भार त्या एका जोडावर. चढाला तो तुटला तर मागची टाकी मागच्या गाडीवर.

“इन्स्पेक्टर साब, ये देखा आपने?”

शिंत्रेसाहेब पुढं झाले. हातभर अंतर, मान मागं, अंगठा. “देखा सर. ओके है.”

“फिर से देखिए.”

परत अंगठा. “ओके है सर.”

त्यांनी मला बोलावलं. जोडाच्या शेवटी, वेल्डर हात उचलतो तिथं, केसाएवढी भेग होती. मुश्ताकला बोलावलं. त्यानं बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं, जोड त्याचाच होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले अण्णा वाकले, त्यांनाही दिसली. आम्ही सगळे त्या कडीभोवती गोल करून उभे होतो, सगळ्यांना भेग दिसत होती, आणि एकट्या शिंत्रेसाहेबांना आमची तोंडं दिसत होती.

तपासनीस उठले. आवाज चढवला नाही. उलट खाली आणला. “साब, आपका चश्मा कहाँ है?”

शिंत्रेसाहेबांच्या टाचा जुळल्या. हात मांड्यांना चिकटले. नजर समोरच्या भिंतीवर. आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, “चश्मा नहीं है सर! आँखें एकदम फिट, सर!”

कुणी हसलं नाही. मला तर त्यांच्या वतीनं लाज वाटली आणि ती वाटल्याचा राग आला.

तपासनीसांनी शेरा लिहिला: इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट ग्राह्य, तपासणी अग्राह्य. जाताना अण्णांना म्हणाले, भेग ही काही मोठी गोष्ट नाही, दुरुस्त करा, होतं. पण मी पुन्हा येईन तेव्हा तुमच्या इन्स्पेक्टरनं माझ्यासोबत बसून प्रत्येक जोड बघायचा आणि काय दिसतं ते मला सांगायचं. मग ठरवू.

दुपारी मी साहेबांना खोलीत बसवलं. त्यांच्या सर्टिफिकेटासोबतचे नियम माझ्याकडं छापील होते. डोळ्यांबद्दलचा नियम शोधला आणि मराठीत सांगितला: इन्स्पेक्टरला जवळचं बारीक अक्षर वाचता आलं पाहिजे, चष्म्यानं किंवा चष्म्याशिवाय.

“चष्म्यानं चालतं साहेब. इथं लिहिलंय.”

“त्ये लिवाय आसतंय, मॅडम,” ते म्हणाले. “मिलिटरीत चष्मा चालत न्हाय.”

“अहो, आलेल्या माणसाच्या नाकावर होता!”

“त्यो आत गेल्यावर लागला आसल. आत जाताना चालत न्हाय.”

मला आधी कळेना हे काय बोलत आहेत. मग कळलं. भरतीचं बोलत होते. त्यांच्या गावाकडं पोरगं पळायला लागलं की पहिली चौकशी भरतीची. शिंत्रेसाहेब ऐन विशीत भरतीला उतरले होते. “पळण्यात पैला आलतो मी. छाती भरली, उंची भरली. मग डोळ्याचा तक्ता आला. तिसऱ्या वळीला आडाकलो. छातीवर नंबर लिवल्याला आसतोय न्हवं? त्यो पुसाय लावला आनि घराकडं जा म्हनले.” थोरला भाऊ त्याआधीच लागला होता. वडील स्वतः हवालदार होऊन आलेले. “आबा चार म्हैनं बोलले न्हाईत माझ्यासंगं.”

आता इथं एखाद्याला गहिवरून येईल. मला विचाराल तर माझ्या डोक्यात तिडीक गेली. बंदूक धरायची भरती निराळी आणि जोड तपासायचं काम निराळं, हे न कळायला हा काही पाळण्यातला पोर नव्हता. कुठल्या लष्कराला कुठल्या संस्थेचं सर्टिफिकेट चालतं हे ज्याला झोपेत पाठ, त्यानं त्याच सर्टिफिकेटाची ही एक ओळ वाचलेली नव्हती! आणि वाचून दाखवली तर खोटी म्हणत होता.

“पण दरवर्षी डोळे तपासून दाखला द्यावा लागतो, तो कसा देता?”

साहेब पहिल्यांदाच हसले. “त्यो वाचायचा कार्ड पाठ हाय मला. सा वर्सं झाली, बदलल्यालाच न्हाय.” आणि त्यांनी ते इंग्रजी कार्ड मोठ्यांदा म्हणून दाखवलं, पाढे म्हणावेत तसं, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत.

“तुमच्याकडं चष्मा आहे का, साहेब?”

“न्हाय. मला लागतच न्हाय.”

मग अण्णांना बोलावलं. अण्णा आपल्या कारखान्यात कुणापुढं वाकलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी हात जोडले. “साहेब, तासभर लावा. त्यो माणूस गेला की पंचगंगेत टाका. मी आणतो चष्मा, तुमी म्हणशिला तसल्या काडीचा. ही मागं शेडमधी उभी हाईत न्हवं का पोरं, त्येंच्यासाठनं तरी.”

साहेबांनी काचेतून शेडकडं पाहिलं. किंवा त्या दिशेला तोंड केलं असं म्हणू या.

“अण्णा, तुमी म्हनशिला तर उपाशी उभा ऱ्हातो. पर मिलिटरीम्होरं चष्मा लावून उभा ऱ्हानार न्हाय.”

मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा आमच्याकडं फार कौतुकाचा आहे. मोडणारं दुसऱ्याचं असलं तरी. साहेब टाच आपटून गेले ते परत आले नाहीत. फोन उचलेनात. अण्णा दिवसभर एकच वाक्य म्हणत होते, “कागद तेवढा त्येचा, आनि डोळं कुणाचं बी चाललं आसतं की.”

त्यानंतर मी इन्स्पेक्टर शोधायला लागले, आणि हे तर मी जन्मात विसरणार नाही, की मिशीची पैज साहेब हरले होते. आजऱ्याकडची एक मुलगी पुण्यात नोकरी करून वडिलांच्या आजारपणासाठी गावी परत आली होती. तिच्याकडं त्याच संस्थेचं, त्याच दर्जाचं सर्टिफिकेट. चालू. आली आणि तिनं आधी पदरानं पुसावा तसा ओढणीनं चष्मा पुसला, काचा अशा जाड की डोळे लहान दिसायचे, आणि दुरुस्त केलेल्या कडीपाशी जाऊन भुईवर बसली. उठायचं नावच घेईना. मुश्ताक मला हळूच म्हणाला, “ताई, ही नाव इचारंना झाली.”

लष्कराच्या कचेरीला तिचे कागद पाठवले. उत्तर आलं, प्रमाणपत्र ग्राह्य आहे. पण तुमच्या फाईलवर आधीच्या इन्स्पेक्टरचं नाव आहे. त्यांनी स्वतःच्या सहीनं काम सोडल्याचं लिहून द्यावं, मगच नाव बदलेल, आणि नाव बदललं तरच पुढची तपासणी. म्हणजे एवढं सगळं होऊन अण्णांचं काम पुन्हा शिंत्रेसाहेबांच्या एका सहीपाशी येऊन थांबलं. हंगाम संपत आला होता. शेवटच्या ट्रॉल्या बाहेर पडत होत्या, आणि घरी कुणाला बसवायचं याची कुजबुज शेडमध्ये सुरू झाली होती. अण्णा म्हणाले, “अक्का, तूच जा. मी गेलो तर माझ्या तोंडातनं कायतरी जाईल.”

नेसरीला पोचले तेव्हा उन्हं चढली होती. घर विचारायची गरज पडली नाही. पहिल्याच माणसानं सांगितलं, “मिलिटरीवाल्या शिंत्र्यांचं न्हवं? त्ये काय.” दार उघडंच होतं. पुढच्या सोप्यात भिंतीवर दोन फोटो, दोन्ही वर्दीतले, एक वडिलांचा तरुणपणीचा, एक थोरल्या भावाचा. त्यांच्या रांगेतच, त्याच उंचीवर, एक लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट खिळ्याला अडकवलेलं. खाली खुर्चीत शिंत्रेसाहेबांचे वडील बसले होते, ताठ, पांढरेशुभ्र कपडे, एक पाय पाटावर. आणि पाटापाशी मांडी घालून शिंत्रेसाहेब त्यांच्या पायाची नखं कापत होते.

साहेबांच्या नाकावर चष्मा होता.

चांगला वापरातला चष्मा, काडीला दोरा गुंडाळलेला. मान मागं टाकलेली नव्हती. अंगठ्यानं चाचपणं नव्हतं. खाली वाकून, एकेक नख टोकानं उचलून, मासापासून सोडवून ते कापत होते. इतकं बारीक बघणारा माणूस आमच्या शेडमध्ये एक दिवस आला असता तर मला इथं यावं लागलं नसतं.

मी पायरीवरून “साहेब” म्हटलं आणि त्यांनी वर पाहिलं. पुढच्या क्षणी चष्मा खिशात होता.

“मॅडम! या की. आबा, हापिसच्या मॅडम आल्यात.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. “मिलिटरीच्या हापिसातल्या काय ओ तुमी?”

“न्हाई आबा, मी कारखान्यातली. मिलिटरीचं काम घेतलंय आम्ही.”

“त्येच त्ये,” म्हातारा म्हणाला. “ह्यो बी मिलिटरीतच हाय आता. वेल्डिंगात. उशिरा लागला, पर लागला. थोरल्याला कळिवलंय मी.”

शिंत्रेसाहेब पाटाकडं बघत होते. मी पिशवीतून कागद काढला. पाणी आलं, चहा होतोय म्हणाले, मी नको म्हटलं. “साहेब, ह्यावर सही पाहिजे. वाचा आणि करा.”

त्यांनी कागद घेतला. हातभर लांब धरला. मान मागं टाकली. नजर वरपासून खालपर्यंत नेली, मध्ये एकदा मान हलवली, जणू एखादा मुद्दा पटला. चष्मा त्यांच्या छातीवरच्या खिशात होता, काडी बाहेर दिसत होती.

“नीट वाचा, साहेब,” मी म्हटलं.

“वाचलं की.” त्यांनी पेन मागितलं. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली, ठसठशीत, खाली दोन रेघा ओढून.

कागद हातात आला. अण्णांचं काम झालं होतं. मी तशीच उठून आले असते तर कुणी मला नावं ठेवली नसती. पण माझ्याच्यानं होईना. न बघता पास करणं ही त्यांची रीत, मला ती माझ्या पिशवीत घालून न्यायची नव्हती.

“साहेब, यात तुमचं नाव कमी केलंय. काम सोडलं म्हणून तुम्ही लिहून दिलंय.”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, आणि मग तो त्यांनी ओढून ताणून परत जागेवर आणला.

“म्हायत हाय की,” ते म्हणाले. “वाचलं न्हवं का मी.”

“काय कमी केलंय रं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“काय न्हाय आबा. हापिसचं हाय.” त्यांनी नखं काढायचं साधन परत उचललं. मी अजून समोर उभी होते. खिशातल्या चष्म्याला त्यांनी हात लावला नाही. म्हाताऱ्याचं पाऊल डाव्या हातानं धरलं, हातभर लांब, मान मागं टाकली, आणि अंगठ्यानं चाचपत पुढचं नख शोधायला लागले.

म्हाताऱ्यानं पोराच्या तोंडाकडं पाहिलं, मग त्या हत्याराकडं.

“ऱ्हाऊं दे,” तो म्हणाला, आणि पाय मागं घेतला.